कापसाच्या वेळेवर भरणारी शाळा

विधानसभेत माझ्या नावावर एकही प्रश्न नाही. पण ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून पुढची आठ-दहा वर्षं आमच्या भागातून जे प्रश्न मुंबईला किंवा नागपूरला गेले, ते बहुतेक माझ्या अक्षरात गेले. सही तेवढी आमदारांची. लग्नाच्या नवऱ्याला मी आमदार म्हणते याचं माझ्या सुनांना अजून हसू येतं. लोक त्यांना भाऊ म्हणायचे. सगळा तालुका ज्याला भाऊ म्हणतो त्याला त्याच्या बायकोनं काय म्हणायचं? मी आपली आमदार म्हणू लागले. काम बिनसलं की त्याला 'साहेब' जोडायची.

माझं माहेर वरणगावचं. वडील कारखान्यात होते, त्यामुळे आम्ही भावंडं वसाहतीत वाढलो, भोंग्यावर उठणारी आणि भोंग्यावर जेवणारी. सासर धुळ्याच्या पश्चिमेला, पिंपळनेरच्या वाटेवर. तिथं सगळं अहिराणी. सासूबाईंचं बोलणं पहिलं वर्षभर मला निम्मंच कळायचं, आणि माझं पुस्तकातलं मराठी ऐकायला शेजारच्या बायका काहीतरी निमित्त काढून यायच्या. मी 'साखर हवी आहे का' म्हटलं की तोंडाला पदर लावून हसायच्या. पण याच मराठीनं पुढे मला कामाला लावलं. आमदारांना बोलता छान यायचं, भांडता तर फारच छान यायचं, कागद समोर आला की मात्र त्यांना घाम फुटायचा.

बाजाराच्या दिवशी आमच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नसायची. कुणाच्या गावची विजेची डीपी जळालेली, कुठे एसटी थांबत नाही, कुणाला दाखला मिळत नाही, आणि कुणाला काहीच नको असायचं, बाजार होईपर्यंत सावलीत बसायचं असायचं. मी एका कोपऱ्यात वही घेऊन बसायची. आधी चहापुरती बाहेर येत होते, मग नावं लिहून घ्यायला बसू लागले, आणि एका पावसाळ्यात आमदारांचा लिहिणारा माणूस नोकरी लागून नाशिकला गेला तेव्हा सगळंच माझ्याकडे आलं. कुणी मला तसं सांगितलं नाही. कार्बन पेपरची डबी माझ्या कपाटात आली, एवढंच.

विधानसभेच्या प्रश्नाचा एक साचा असतो. वर लिहायचं, सन्माननीय अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय. मग खाली एक, दोन, तीन. अमुक ठिकाणी अमुक झाले आहे, हे खरे आहे काय? असल्यास कोणती कार्यवाही केली? नसल्यास विलंबाची कारणे काय? सुरुवातीला मला हे फार विनोदी वाटायचं. फरशी पूल वाहून गेलेला साऱ्या गावाला दिसतोय, आणि आपण मुंबईला पत्र धाडून विचारतोय की हे खरे आहे काय. पण पुढे मला त्याची गोडी लागली. आपण स्वयंपाकघरातल्या पाटावर बसून लिहिलेली ओळ एका मंत्र्याला वाचावी लागते, तिला उत्तर द्यावं लागतं, याचा मला गर्व होता. आमदार वाचत नसत. मी कागद पुढे केला की 'तू लिखं म्हनजे व्हयनं' म्हणून सही करायचे. तू लिहिलंस म्हणजे झालं. मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

एका वर्षी दिवाळी नुकती झाली होती आणि आम्ही जीपने डोंगराच्या पायथ्याच्या गावांच्या दौऱ्यावर निघालो होतो. मला सोबत नेत ते बायका बोलाव्यात म्हणून. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता. पाचच्या सुमाराला एका लहानशा गावात पोचलो. त्या गावाचं नाव मी आजही लिहीत नाही, आणि का ते पुढे कळेल. गावकऱ्यांची मागणी एकच होती. शाळेचे पत्रे मे महिन्याच्या वादळात उडाले होते, ते परत हवे होते. आम्हाला शाळा दाखवायला नेलं. दगडी भिंती जागेवर होत्या, फळा जागेवर होता, आणि मधे कमरेएवढं गवत वाढलं होतं.

मी सहज विचारलं, मग पोरं शिकतात कुठे? तर आम्हाला गावाच्या कडेला एका खळ्यावर नेलं. खळं गावातल्या एका वडीलधाऱ्या शेतकऱ्याचं होतं, सारं गाव त्यांना नाना म्हणायचं. उन्हं कलली होती आणि तिथं शाळा भरली होती. पंचवीस-तीस पोरं, केसांत कापसाचे तंतू, कुणाच्या सदऱ्याला, कुणाच्या भुवईला. एक मुलगी उभी राहून धडा वाचत होती. बोंडांच्या वाळक्या टोकांनी तिच्या बोटांवर ओरखडे उठले होते आणि त्याच बोटानं ती ओळ धरून वाचत होती. न अडखळता.

गुरुजी चाळिशीचे असतील, सडपातळ, फार कमी बोलणारे. मी त्यांना विचारलं की ही कसली वेळ शाळेची? आधी ते चाचरले. मग बोलू लागले. वेचणीच्या दिवसांत अकरा ते पाच शाळा भरवली तर शाळेत मी आणि भिंती, एवढेच असतो, असं ते म्हणाले. पोरं आईबापाबरोबर रानात असतात. पण दव सुकल्याशिवाय कुणी वेचायला हात लावत नाही, तेवढी सकाळ त्यांनी घेतली होती. चार वाजता कापसाचं वजन झालं की पोरं मोकळी होतात, तेव्हापासून दिवस मावळेपर्यंतची संध्याकाळ त्यांनी घेतली होती. वेचणी संपली की पुन्हा अकरा ते पाच. त्या गावात आल्यापासून ते दरवर्षी असंच करत होते. त्यांच्या शाळेतून चौथीच्या आधी कुणीही गळालं नव्हतं, आणि हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून दिसतं. स्वतःसाठी त्यांनी काही मागितलं नाही. पत्र्यांचं तेवढं बघा, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भाकरी आटोपून मी प्रश्न लिहायला बसले. पहिला भाग पत्रे उडाल्याचा. तिसरा आणि चौथा ठरलेला, कार्यवाही काय आणि विलंब का. मधे दुसरा भाग मी माझ्या मनानं घातला. इमारत नसल्याने सदर शाळा एका शेतकऱ्याच्या खळ्यावर भरत असून, कापूस वेचणीच्या काळात विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी शिक्षक ती सकाळी व संध्याकाळी भरवितात, हे खरे आहे काय? मला वाटलं, एवढं वाचून मंत्र्यांच्या डोळ्यांत पाणी येईल आणि पत्रे तर येतीलच, वर गुरुजींना शाबासकीसुद्धा मिळेल. आमदारांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली.

नागपूरच्या अधिवेशनात आमचा प्रश्न यादीत इतका खाली होता की प्रश्नोत्तराचा तास तिथवर पोचलाच नाही. अशा प्रश्नांची उत्तरं नुसती छापील मिळतात. आमदार घरी आले, पाय धुतले आणि जेवायला बसायच्या आधी तो कागद माझ्यासमोर ठेवला. पहिल्या भागाला उत्तर होतं, होय, हे खरे आहे. दुसऱ्या भागालाही होतं, होय, हे खरे आहे. आणि पुढे, विहित जागेत व विहित वेळेत शाळा न भरविल्याबद्दल संबंधित शिक्षकास निलंबित करण्यात आले आहे. पत्र्यांचा प्रस्ताव विचाराधीन होता.

"हाई दोन नंबरनं काब्रं लिखं?" त्यांनी विचारलं.

का लिहिलंस. मी म्हटलं, कौतुकानं लिहिलं.

"कौतुक लिखाले तठे जागा नई शे," ते म्हणाले आणि जेवायला बसले.

ते रागावले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. एवढी वर्षं मी तो साचा वापरत होते आणि त्यात कौतुकाला जागा नाही हे मला दिसलं नव्हतं. तिथं जे लिहाल ते तक्रार होतं. वसाहतीत वाढलेल्या, भोंग्यावर जेवलेल्या मला तरी 'वेळ' या गोष्टीचा कचेरीत काय अर्थ होतो हे कळायला हवं होतं.

निलंबित माणसाला घरी बसता येत नाही. त्यानं रोज तालुक्याच्या कचेरीत येऊन सही करायची असते. गुरुजी सकाळच्या एसटीनं यायचे, सही करायचे, आणि परतीची गाडी दुपारनंतर असल्यामुळे आमच्या ओसरीवर येऊन बसायचे. आमदार आपल्यासाठी काहीतरी करतील या आशेनं. मी त्यांना चहा द्यायची. ते कप दोन्ही हातांत धरून 'वहिनी, तुम्हाला उगाच त्रास' असं म्हणायचे, आणि मला जमिनीनं पोटात घेतलं तर बरं असं वाटायचं.

कारण त्यांना माहीत नव्हतं. विधानसभेत असा प्रश्न विचारतात, त्याला असं उत्तर येतं, हे गावात कुणाला ठाऊक असणार? आदेशात 'प्राप्त माहितीनुसार' एवढंच लिहिलं होतं. माहिती कुणी दिली? गुरुजींनी मनाशी हिशोब मांडला आणि त्यांचा संशय नानांवर गेला. दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, काढायची वेळ येईल तेव्हा खळं मोकळं करून द्या, यावरून त्या दोघांचं मागे कधीतरी वाजलं होतं. बस्स, तेवढं पुरलं. गुरुजींनी नानांशी बोलणं टाकलं. नाना बाजाराला आले की आमच्या ओसरीसमोर रस्त्याच्या पलीकडे उभे राहायचे, गुरुजी बसलेले दिसले की तसेच पुढे निघून जायचे. आपलं काय चुकलं हे त्या म्हाताऱ्याला कळत नव्हतं. मला कळत होतं, आणि मी गप्प होते.

आमदारांनी मला थांबायला सांगितलं होतं. प्रश्न माझ्या सहीचा आहे, मी पुढच्या अधिवेशनात अर्धा तास चर्चा मागतो, सभागृहात निस्तरतो, तोवर तू मधे पडू नकोस, असं त्यांचं म्हणणं. मला ते सोयीचं होतं. जवळजवळ दोन महिने मी त्या सोयीच्या मागे दडले.

मग एक दिवस गुरुजी एक कच्चा अर्ज घेऊन आले. निलंबन मागे घ्यावं अशी विनंती होती, आणि तिच्यात नानांचं नाव घालून लिहिलं होतं की सदर इसमाने वैयक्तिक आकसापोटी खोटी माहिती पुरवली. माझं अक्षर चांगलं म्हणून त्यांनी तो मला नीट उतरवून द्यायला सांगितलं. मी कागद घेतला. वरचा मायना लिहिला. नानांचं नाव यायच्या ओळीपाशी आले आणि पेन खाली ठेवलं.

"माहिती मी दिली, गुरुजी," मी म्हटलं. "नानांनी नाही. तो प्रश्न मी लिहिला."

आणि मग सगळं सांगितलं, खळं, ती वाचणारी मुलगी, दुसरा भाग, मंत्र्यांच्या डोळ्यांतलं पाणी, सगळं. चहा तसाच निवत पडला. ते रागावतील, ओरडतील, याची मी वाट पाहत होते, म्हणजे मला तरी रडता आलं असतं.

"मी ते कुणालाच सांगत नव्हतो, वहिनी," शेवटी ते म्हणाले. "कुणी विचारलंच नव्हतं. तुम्ही विचारलंत म्हणून बरं वाटलं, आणि बोलून गेलो."

त्यांनी अर्जाचे दोन्ही कागद माझ्यासमोरून उचलले, फाडले, आणि तुकडे आपल्याच खिशात घातले. मग उठून गेले. पुढे नानांच्या सुनेकडून मला कळलं की त्या दिवशी एसटीतून उतरून ते स्वतःच्या घरी न जाता आधी नानांकडे गेले आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. आमच्या ओसरीवर ते पुन्हा आले नाहीत. सही करून कचेरीच्या आवारात कडुलिंबाखाली बसायचे. मी कधी बाजारातून येताना पाहायची, तर ते वर्तमानपत्र वाचत असायचे किंवा वाचतोय असं दाखवायचे.

अर्धा तास चर्चा मार्चमध्ये मिळाली. मी आमदारांबरोबर मुंबईला गेले आणि पास घेऊन प्रेक्षकांच्या गॅलरीत बसले. दिवसाचं काम संपल्यावर अशी चर्चा होते, त्यामुळे सभागृहात मोजकी डोकी होती आणि त्यातली दोन-तीन पेंगत होती. मी आमदारांना चार पानी भाषण लिहून दिलं होतं. त्यांनी ते घडी करून खिशात घातलं आणि न वाचता बोलले. त्यांचं सभागृहातलं मराठी नेहमी इस्त्री केल्यासारखं असायचं, त्या दिवशी तसं नव्हतं.

"अध्यक्ष महाराज, तो माणूस मला या सभागृहाला दाखवायचा होता," ते म्हणाले. "मी बोट दाखवलं आणि खात्याने त्याचीच मान धरली. चूक माझ्या कागदाची आहे. शिक्षा तो भोगतोय."

माझ्या कागदाची, असं म्हणाले. त्यांनी माझ्याकडे वर पाहिलंसुद्धा नाही. तिथं गॅलरीत बसून मला त्या माणसाचा जेवढा अभिमान वाटला तेवढा निवडणुकीच्या गुलालातही वाटला नव्हता. मंत्री म्हणाले, सहानुभूतीपूर्वक विचार करू.

विचार झाला. जूनमध्ये गुरुजींना परत कामावर घेतलं, पण त्या गावात नाही. निलंबन उठलं तरी माणसाला जुन्या जागी पाठवत नाहीत म्हणे. त्यांना जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, शिरपूरच्याही पुढे धाडलं. आमदारांच्या नावे त्यांचं एक पोस्टकार्ड आलं. रुजू झालो, आपला आभारी आहे. मी ते उलटून पालटून पाहिलं. वहिनींना नमस्कार, एवढं तरी असेल असं मला वाटलं होतं. नव्हतं. त्यांचं बरोबरच होतं, पण मला वाईट वाटलं.

पत्रेही आले. पुढच्या दिवाळीनंतर आमदारांच्या हस्ते नारळ फुटला. सकाळी अकराची वेळ होती. पोरांना आंघोळ घालून, तेल लावून रांगेत बसवलं होतं. नवे मास्तर कोवळे होते, नुकते डी.एड. होऊन आलेले, आमच्याशी बोलताना सारखे सदऱ्याचं बटण चाचपत होते. भिंतीवर ठळक अक्षरांत शाळेची वेळ रंगवली होती. आमदारांनी छोटं भाषण केलं, पेढे वाटले, आणि आम्ही पुढच्या गावांना निघालो. नाना गर्दीत होते. मी नमस्कार केला, त्यांनीही केला.

परतताना तोच रस्ता होता. गाव जवळ आलं तेव्हा पाच वाजले असतील. नव्या पत्र्यांच्या शाळेला कुलूप होतं. जीपमधून मला नानांच्या घरामागे पोरांची डोकी दिसली. मी गाडी थांबवायला सांगितली आणि एकटीच उतरून गेले. मला वाटलं, गुरुजी गेले पण त्यांची शाळा आहे, डोळे भरून बघून घ्यावी.

घराला वळसा घालून मी पुढे आले आणि एकदम सगळं गप्प झालं. नव्या मास्तरांनी हातातलं पुस्तक पाठीमागे नेलं. पोरांनी पाट्या उलट्या करून मांडीवर दाबल्या, कुणी न सांगता, एकदम, सवय असल्यासारखं. केसांत कापसाचे तंतू तसेच होते. घराच्या भिंतीला एक फळा टेकवून ठेवला होता आणि त्यावर भागाकाराचं गणित अर्धं सोडवलेलं होतं. नाना बाजेवरून उठले आणि माझ्या आणि पोरांच्या मधे येऊन उभे राहिले.

"शाळा नई शे, वहिनी," ते म्हणाले. "पोरे खेळी रायनात."

ज्या माणसाला मी खोट्या आळातून सोडवलं होतं, तोच माणूस माझ्या तोंडावर खोटं बोलत होता, हात जोडून. मागे त्या पोरांत गेल्या वर्षीची ती वाचणारी मुलगी होती का, हे बघायची माझी फार इच्छा होती. पण बघितलं असतं तर ते तपासणीला येऊन पोरं मोजल्यासारखं झालं असतं.

"हो नाना," मी म्हटलं. "दिसतंय मला. खेळू द्या."

मी वळून जीपपाशी आले. मागून कुणाचा आवाज नव्हता. आमदारांनी विचारलं, काय होतं तिकडे? मी म्हटलं, काही नाही, पोरं खेळताहेत. गाडीचा आवाज लांब गेल्याशिवाय तो भागाकार पुढे सरकणार नव्हता. मी ड्रायव्हरला म्हटलं, जरा जोरात घ्या.